श्वासावर लक्ष द्यायला बसलो की शेजारचा माग आत शिरतो. नवशिक्याला कुणीतरी सांगा

मागावरचा
सोमवार, पहाटे ५.५२

नमस्कार मंडळी. राहणार वडगाव, बेळगाव. घरातच साड्यांचे चार पॉवरलूम आहेत. वय ४६. महिन्यापूर्वी बीपी वर निघालं, गोळी चालू झाली. डॉक्टर म्हणाले, रोज दहा मिनिटं श्वासावर ध्यान करा. कसं करायचं ते सांगायला त्यांना सवड नव्हती, बाहेर बाकड्यावर अकरा माणसं बसलेली.

मग मोबाइलवर बघितलं. एकजण म्हणतो चार मोजत घ्या, सात मोजत धरा, आठ मोजत सोडा. दुसरा म्हणतो मोजूच नका. एक बाई इंग्रजीत इतक्या मऊ आवाजात सांगते की मला झोप लागली, उठलो तर साडेसात. माग बंद, बायको गरम.

आता पंधरा दिवस झाले. पहाटे पाचला सुताच्या पोत्याची घडी करून त्यावर बसालोय. पहिले दोन-तीन श्वास बरे जातात. मग शेजारच्यांचा माग चालू होतो. खटक-खटक-खटक. माझा श्वास त्याच्या मागं पळतो की! आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतोय, माझं फुप्फुस कुठं पुरणार? काल डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या. घाबरून उठलो.

बायको म्हणते, गोळी घेतोयस की, हे नवीन कशाला काढलंस. खरं मला सोडायचं नाही. कुणी केलं असेल तर मराठीत, साध्या भाषेत सांगा.


खानापूरकर
सोमवार, सकाळी ६.३०

मीपण हेच विचारणार होतो. बसून राहतो.


नर्सताई
सोमवार, सकाळी ७.१५

मुंग्यांचं आधी सांगते, नाहीतर आज दिवसभर तुम्ही बोटंच चोळत बसाल.

तुम्ही नकळत भराभर आणि खोल श्वास घेत होतात. लोकांना वाटतं जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन. तसं नाही. धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. भराभर श्वासानं होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं. ओठांना, बोटांना मुंग्या त्यातूनच. श्वास नेहमीसारखा झाला की थोड्या वेळात जातं. जात नसेल, किंवा छातीत दुखत असेल, तर इथं लिहीत बसू नका, दाखवून या. आणि गोळी बंद करायची नाही. ध्यान गोळीच्या जोडीला करायचं.

दुसरी गोष्ट आमच्या वॉर्डातली. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो मोजायचा असला की आम्ही पेशंटला सांगत नाही. मनगट धरतो, नाडी बघतोय असं दाखवतो आणि नजर छातीवर ठेवतो. कारण "तुमचा श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. सगळे. डॉक्टरसुद्धा.

तुमचं तेच होतंय. फरक इतकाच की पेशंटही तुम्हीच, मनगट धरणारी नर्सही तुम्हीच. त्यामुळे फसवता येत नाही. सुरुवातीचे दिवस श्वास अवघडलेला वाटणारच, कुणी फोटो काढताना चेहरा होतो तसा. त्यावर उपाय करायला जाऊ नका, तो आपणहून सैल होतो. आणि ते सात मोजत धरणं तूर्त सोडून द्या.


निवृत्त_हवालदार
सोमवार, सकाळी ८.०५

ताईंनी बरोबर सांगितलं. मी फौजेतला, मराठा सेंटरचा. ध्यानबिन मला येत नाही, पण श्वासाचं एक येतं.

फायरिंग रेंजवर नवा रिक्रूट पहिली चूक हीच करतो. छाती फुगवतो, श्वास दाबून धरतो आणि ट्रिगर ओढतो. नळी थरथरते, गोळी टार्गेट सोडून मातीत. आमचे उस्ताद मानेवर हात ठेवून म्हणायचे, धरू नको, सोड. श्वास आपोआप सुटतो आणि पुढचा यायच्या आधी थोडी रिकामी जागा राहते. फायर तिथं. ती जागा आपण बनवायची नसते, ती असतेच. तीस वर्षं झाली, ते उस्ताद गेले, मानेवरचा हात अजून आहे.

भाऊ, तू फक्त ती जागा बघ. श्वास बाहेर गेला, संपला, आता पुढचा कधी येतोय. गाडीची वाट बघतो तशी वाट बघायची. गाडी ढकलायला जायचं नाही.


शंकेखोर
सोमवार, सकाळी ९.४०

माझ्या वडिलांनी आयुष्यभर बैल हाकले. त्यांना श्वास कसा घ्यावा हे कुणी शिकवलं नाही, ८३ वर्षं जगले. आता प्रत्येक गोष्टीचं शिबिर, प्रत्येक शिबिराची फी. गेल्या वर्षी गावातल्या एका शिबिरात मला धपाधप श्वास सोडायला लावले, चक्कर येऊन सतरंजीवर आडवा झालो. शिकवणारा म्हणाला, "शुद्धी होतेय." वर तीनशे रुपये घेतले.


नर्सताई
सोमवार, सकाळी ९.५५

शुद्धी नाही हो, तोच कार्बन डायऑक्साइड. धपाधप श्वासाचे प्रकार बीपीवाल्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी मनानं करायचेच नाहीत. आणि या धाग्यावर चाललंय ते वेगळं आहे. प्राणायामात तुम्ही श्वासाला वळण लावता. इथं श्वासाला काहीच करायचं नाही, तो जसा आहे तसा बघायचा. दोन्हीची गल्लत झाली की मागावरच्यांसारखं होतं.


येळ्ळूरचा_माळकरी
सोमवार, सकाळी ११.२०

शंकेखोर बाळ, बैल हाकणाऱ्याचा श्वास बैल सांभाळतो. चालीवर चाल. तुझ्या वडलांचं ध्यान रोज सहा तास चालायचं, त्याला फक्त कुणी ध्यान म्हटलं नाही. तू दिवसभर खुर्चीत बसतोस, हातात मोबाइल. तुझा श्वास कोण सांभाळतंय?

आमच्याकडं जुनी माणसं सांगायची, दिवसाला २१,६०० श्वास. प्रत्येकाबरोबर नाम आपणहून चालूच असतं, तोच अजपा जप. नर्सबाई, हिशोब बघा बरं तुमचा.


नर्सताई
सोमवार, दुपारी १२.०२

आजोबा, २४ तासांची मिनिटं १,४४०. भागिले केलं तर मिनिटाला १५. आमच्या १२ ते २० च्या बरोबर आत. सिस्टरांच्या खोलीत सांगितलं, सगळ्या बोटं मोजायला लागल्या.


वर्गशिक्षिका
सोमवार, रात्री ९.१०

मी खानापूर तालुक्यातली, प्राथमिक शाळेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत हातकणंगल्याजवळ आळत्याला धम्मालयात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले. शंकेखोरांसाठी पहिलं: फी नाही. राहणं-जेवण धरून काही नाही. शिबिर पूर्ण केलेला माणूस शेवटी स्वेच्छेनं दान देतो, त्यावर पुढच्यांचं चालतं. ही पद्धत सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून इकडं आणली. तिथं ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं शिकले होते.

गेल्या गेल्या फोन जमा. पहाटे चारला घंटा. बोलायचं नाही, शेजारणीला खुणासुद्धा नाही. आणि पहिले तीन दिवस काम एकच: नाकपुड्यांचं तोंड आणि वरचा ओठ, एवढ्याशा तिकोनी जागेत श्वास येताना-जाताना काय कळतं ते बघायचं. त्याला आनापान म्हणतात, पाली शब्द आहे, आत येणारा आणि बाहेर जाणारा. श्वास लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे. सुधारायचा नाही.

सोपं वाटतंय ना? पहिल्या दिवशी मला श्वास दिसलाच नाही. पाचवीच्या वह्यांचे गठ्ठे दिसले. मग नणंदेच्या लग्नात कुणी काय बोललं ते सगळं, पंधरा वर्षांपूर्वीचं, शब्द न शब्द. मी तिला उत्तरंही देत होते मनात, तेव्हा सुचली नव्हती ती. दुसऱ्या दिवशी गुडघे. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम कळलं की आत जाणारा वारा गार आहे आणि बाहेर येणारा किंचित कोमट. बस. एवढंच. आणि मला इतका आनंद झाला की तो बघण्यात पुढचे वीस श्वास सुटले.

मागावरचे दादा, तुम्हाला दहा दिवस कशाला, पहाटेची दहा मिनिटं पुरेत. जागा एक ठरवा, नाकपुडी किंवा पोट. रोज बदलू नका.


मागावरचा
मंगळवार, सकाळी ६.२०

सगळ्यांना हात जोडून. आज नाकावर लक्ष ठेवलं. खरं नाकच बंद. चार दिवस पाऊस उतरलेला नाही, घरभर ओलं सूत, सर्दी झालीय. एका नाकपुडीतून शिट्टी वाजते, आणि गार-कोमट काय, काहीच कळत नाही.


वर्गशिक्षिका
मंगळवार, सकाळी ६.४५

मग पोट. बेंबीवर तळहात ठेवा, वर येतंय, खाली जातंय. तोंडानं श्वास चालला तरी पोट हलतंच. सर्दी जाईपर्यंत तेच. बसण्याचंही सांगा, गुडघे वर राहतात का?


मागावरचा
मंगळवार, सकाळी ६.५०

कानापर्यंत.


निवृत्त_हवालदार
मंगळवार, सकाळी ७.३०

पोतं एक नको, तीन घाल. बूड गुडघ्यापेक्षा उंच पाहिजे, मग कंबर आपणहून सरळ राहते. नाहीतर खुर्ची घे. पाय जमिनीला टेकव, पाठ टेकू नको. खुर्चीवर बसलास म्हणून कुणी शिक्षा करत नाही.


वखारीतला
मंगळवार, रात्री १०.४०

निपाणीहून. तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं काढली. दमा आहे. तुम्ही सगळे म्हणता श्वासाकडं बघा. मी बघितलं की छाती आवळायला लागते. श्वास आत गेला की बाहेर येईल का, आणि गेला की परत येईल का, हेच डोक्यात. काल तीन मिनिटांत पंप घ्यावा लागला. पोराला हाक मारली. लाज वाटली. मला हे जमणारच नाही काय?


नर्सताई
मंगळवार, रात्री ११.०५

लाज कसली. ज्याचा श्वास एकदा अडकलाय त्याला श्वासाकडं बघायला सांगणं म्हणजे विहिरीत पडून वाचलेल्याला काठावर बसवण्यासारखं आहे. दमेकऱ्यांना, आणि ज्यांना आधीच घाबरल्यासारखं होतं त्यांना, हा त्रास होतो. तुमची चूक नाही. पंप हाताशी ठेवा, डॉक्टरांनी ठरवलेलं औषध चुकवू नका.

आणि श्वास सोडून द्या, शब्दशः. लक्ष पावलांवर ठेवा. फरशी गार आहे, टाच टेकलीय, अंगठा टेकलाय. किंवा आवाजावर. श्वास चालूच राहील, त्याच्यावर पहारा नको.


तानपुरा
बुधवार, सकाळी ७.५०

वखारीतल्यांची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी गाणं शिकवतो, टिळकवाडीत. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व. ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं, देवासला काही वर्षं अंथरुणावर, गाणं बंद. एक फुप्फुस कायमचं गेलं. परत गायला लागले तेव्हा लांबलचक ताना घेण्याइतका दम नव्हता. मग जेवढा श्वास आहे तेवढ्यात मावेल असं गाणं त्यांनी घडवलं. छोटे तुकडे, मध्ये शांतता. आज आपण त्या शांततेलाच दाद देतो.

माझ्याकडं येणारी पोरं पहिल्या महिन्यात एकच विचारतात, सर, दम कसा वाढवायचा? मी म्हणतो आधी आहे तो कुठं सांडतोय ते बघ. षड्ज लावताना निम्मी हवा सूर लागायच्या आधीच बाहेर. मेणबत्ती धरली तर विझते.

ध्यानातलं मला कळत नाही. पण श्वास कमी आहे म्हणून बाजूला बसू नका.


शंकेखोर
बुधवार, सकाळी ८.२०

हे मला पटलं. नोंद घ्या, वर्षातून एकदाच होतं.


मागावरचा
शनिवार, सकाळी ६.३५

सर्दी गेली. आता मोजून करालोय. श्वास बाहेर गेला की एक, परत गेला की दोन, असं दहापर्यंत, मग परत एक. आमच्याकडं मागावर काम करणारा एक कन्नड पोरगा आहे, त्यानं सुचवलं. मी छाती ताणून बसलेलो बघून म्हणाला, "अण्णा, उसिर बिड्री." श्वास सोडा की. सगळे घ्या-घ्या म्हणतात, हा एकटा सोडा म्हणाला. घेण्याची काळजी करायची नाही, तो येतोय आपला.

पहिल्या दिवशी दहाला थांबायचं विसरून सतराला जागा झालो. काल तेवीस. मधे मनात एका गिऱ्हाइकाशी उधारीवरून भांडण झालेलं, आणि आकडे आपले मागून चालूच.

खरं एक सुचलं ते सांगतो. आमचे माग जुने आहेत. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली तर माग आपणहून थांबत नाही, चालूच राहतो आणि साडीत बारीक उभी रेघ पडत जाते. नजर ठेवावी लागते. तार तुटलेली दिसली की माग थांबवायचा, गाठ मारायची, फणीतून ओवायची, चालू. दिवसातून कितीदा तरी. तार तुटली म्हणून कपाळाला हात लावणारा विणकर मी बघितला नाही. म्हणजे एक बघितलाय, माझा धाकटा भाऊ. त्याच्या साड्या बघा कधीतरी.

तर आकडा चुकला की मी आता चिडत नाही. गाठ मारतो, एकपासून.


वर्गशिक्षिका
शनिवार, सकाळी ७.००

हेच. हेच मला तिथं तिसऱ्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं मन पळालं म्हणजे मी नापास. पळाल्याचं कळणं हेच काम आहे हे उशिरा लक्षात आलं. तुम्हाला ते पोत्यावर बसून सापडलं, दादा.


खानापूरकर
शनिवार, सकाळी ७.४०

झोप येते त्याचं काय? मी रात्री जेवून बसतो.


येळ्ळूरचा_माळकरी
शनिवार, सकाळी ८.१०

जेवून बसलास तर झोप येणारच बाळ, ते ध्यान नाही, वामकुक्षी. पहाटे बस. डोळे अर्धे उघडे ठेव, समोर जमिनीवर दोन हात अंतरावर नजर. मी 'रामकृष्ण' म्हणत श्वास घेतो, 'हरी' म्हणत सोडतो. तरी डुलकी येते कधी. वय ७७.


नर्सताई
शनिवार, दुपारी २.३०

एक गंमत करून बघा कुणीही. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास सोडा. लक्ष दिलंत तर काहींना कळतं, सोडताना ठोके जरा मंदावतात, घेताना किंचित वाढतात. व्हेगस नावाची लांब नस आहे, तिचं काम. त्या कन्नड मुलाचं "उसिर बिड्री" वैद्यकीयदृष्ट्या चोख आहे. त्याला माझ्याकडून कुंदा, आपली बेळगावी मिठाई.


मागावरचा
पुढचा गुरुवार, सकाळी ६.४०

आज गंमत झाली. पहाटे बसलो, सव्वापाचला शेजारचा माग चालू. आता तो मला त्रास देत नाही. तो त्याच्या लयीत, मी माझ्या. चांगलं चाललेलं. आणि मधेच करंट गेला. अख्खी गल्ली गप्प. पावसाची पागोळी तेवढी.

मला वाटलेलं, अशी शांतता मिळाली तर आपलं ध्यान काय लागेल! तर श्वासच सापडेना. कुठं गेला तो? नाकावर नाही, पोटावर नाही. अंधारात चष्मा शोधतो तसा चाचपत बसलो. इतके दिवस त्या खटखटीला शिव्या दिल्या, आणि आज करंट कधी येतोय याची वाट बघत बसलोय.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज गप का इतकं?" मी रोज गप्पच बसतो. पण तिलाही आज कळलं.

बीपी तपासायला पुढच्या महिन्यात जायचंय. काय निघेल ते लिहितो.


वखारीतला
गुरुवार, रात्री ९.२५

पाय शहाबादी फरशीवर ठेवून बसतो. चार मिनिटं झाली काल. पंप खिशात होता, लागला नाही. डाव्या पायाच्या करंगळीला फरशी लागत नाही हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं.


निवृत्त_हवालदार
शुक्रवार, सकाळी ७.१०

वखारवाले, शाब्बास. मागवाले, तीन पोती घातलीस का?


मागावरचा
शुक्रवार, सकाळी ७.२५

घातली. उंची बरोबर आहे, खरं पोती टोचतात. घोंगडी घ्यावी म्हणतो. खडेबाजारात बरी मिळेल काय?


येळ्ळूरचा_माळकरी
शुक्रवार, सकाळी ७.५०

बाळ, घोंगडी पोत्यापेक्षा जास्त टोचते. बायकोची जुनी साडी घाल वर. विचारून.